जन्मसाल टाका

भाची दहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिला चित्रांचं एक अ‍ॅप हवं होतं. आपण काढलेलं चित्र तिथे टाकायचं, दुसऱ्यांची बघायची, आवडलं तर बदाम द्यायचा, असा सगळा मामला. "आई म्हणाली, मामाकडून करून घे," म्हणत ती फोन घेऊन शेजारी येऊन बसली. नाव टाकलं, पासवर्ड कोणता ठेवायचा यावर थोडं भांडण झालं आणि मग जन्मतारखेची ती तीन चाकं आली. दिवस, महिना, साल. तिने इमानदारीत आपलं साल लावलं. लगेच लाल अक्षरांत उत्तर आलं : तुम्हाला हे अ‍ॅप वापरता येणार नाही. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "थांब," मागे गेलो आणि सालाचं चाक अंगठ्याने जोरात फिरवलं. ते जिथे थांबलं तिथे थांबलं. भाची एका झटक्यात बावीस वर्षांची झाली. आम्ही दोघंही हसलो.

आपण काही वावगं करतोय, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. एरवी मुलांनी खोटं बोललेलं मला खपत नाही. पण हे खोटं 'बोलणं' वाटतच नाही. फॉर्म भरणं वाटतं.

मुलांच्या वाढत्या इंटरनेट वापराबद्दल बोलायला बसलं की आपली गाडी पहिल्यांदा घड्याळापाशी जाते. किती तास? एक तास चालेल का, दोन चालतील का? अगदी लहानांच्या बाबतीत हा प्रश्न बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की एका वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही वरची मर्यादा धरावी, त्याहून कमी असेल तर उत्तम. त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत घड्याळ फार कमी सांगतं. एक तास बुद्धिबळ खेळणारा मुलगा आणि एक तास अनोळखी माणसाशी चॅट करणारा मुलगा घड्याळाला सारखेच दिसतात. मला आता वाटतं की घड्याळाच्या आधी त्या चाकाकडे बघायला हवं होतं. मूल या जगात कोण म्हणून शिरलं, ते तिथे ठरतं.

बहुतेक ठिकाणी विचारला जाणारा तेरा हा आकडा आला कुठून? कुणा बालमानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून आला असेल, अशी माझी समजूत होती. तो आला अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून. 'कोपा' या नावाने तो ओळखला जातो आणि २००० सालच्या एप्रिलमध्ये लागू झाला. मूळ प्रस्ताव सोळा वर्षांचा होता, वाटाघाटींत तो तेरावर उतरला. आणि कायद्याचा विषय तरी काय होता? मूल काय बघतं, कुणाशी बोलतं, त्याची झोप होते की नाही, यातलं काहीच नाही. विषय होता मुलांची माहिती गोळा करण्याचा. तेरा वर्षांखालच्या मुलाचं नाव-गाव-पत्ता घ्यायचा असेल, तर आधी पालकांची संमती घ्या आणि ती पालकांचीच आहे याची खातरजमा करा, एवढंच. तेव्हा लाइकचं बटण नव्हतं (फेसबुकवर ते २००९ साली आलं), खिशात मावेल असा स्मार्टफोन नव्हता, रील तर नव्हतेच. डायल-अपच्या काळात मुलांच्या माहितीसाठी घातलेलं कुंपण आज आपण मुलांच्या अख्ख्या आयुष्याभोवती असल्यासारखं धरून चाललो आहोत.

त्या कुंपणात एक सोयीची फटही होती. खास मुलांसाठी नसलेल्या, सगळ्यांसाठी असलेल्या संकेतस्थळावर जबाबदारी कधी येणार? तर समोरचं मूल तेरा वर्षांखालचं आहे हे कंपनीला 'प्रत्यक्ष माहीत' असेल तेव्हा. माहीत नसेल तर प्रश्न मिटला. मग माहीत करून घ्यायचंच कशाला? वय विचारायचं, जे उत्तर येईल ते मान्य करायचं आणि पुढे चालू लागायचं. सालाचं चाक मुलांना अडवायला ठेवलंय असं आपल्याला वाटतं. खरं तर ती कंपनीच्या हातातली सही केलेली पावती असते : आम्ही विचारलं होतं, यांनी असं सांगितलं. त्या दिवशी भाचीच्या नावाने ती पावती मी फाडून दिली.

या न-माहीत असण्याचा कळस यूट्यूबच्या प्रकरणात झाला. आमचं व्यासपीठ सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी आहे, अशी कंपनीची अधिकृत भूमिका होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कागद उघडले, तेव्हा त्यात खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे केलेली सादरीकरणं निघाली. सहा ते अकरा वयोगटातल्या मुलांपर्यंत पोचण्यात आम्ही टीव्हीच्या मोठमोठ्या वाहिन्यांपेक्षाही पुढे आहोत, अशी जाहिरात त्यांत केली होती. जाहिरातदार समोर बसला की मुलं दिसायची आणि कायदा समोर आला की दिसेनाशी व्हायची. २०१९ साली १७ कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटलं. दहा वर्षांच्या मुलीने बावीस सांगितलं तर ते नियमांचं उल्लंघन ठरतं आणि खातं बंद करायला तेवढं कारण पुरतं. कंपनी खोटं बोलली तर तडजोड होते.

आता त्या आकड्याचं पुढे काय होतं, ते बघू. मला हे फार उशिरा कळलं. ते साल पहिल्या पानापुरतं नसतं, ते खात्याबरोबर वाढत जातं. दहाव्या वर्षी जेमतेम 'तेरा' लावणारं मूल पंधराव्या वर्षी त्या यंत्रणेच्या लेखी अठरा वर्षांचं, म्हणजे सज्ञान झालेलं असतं. मग सज्ञानांच्या जाहिराती, सज्ञानांचा मजकूर आणि कुणाही अनोळख्याला दार उघडं. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२२ साली पाहणी केली. समाजमाध्यमांवर खातं असलेल्या आठ ते सतरा वयाच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तिथे प्रौढ म्हणून नोंदलेली निघाली. तीन मुलांत एक. मुलांना वाचवण्यासाठी केलेल्या सगळ्या सोयी आणि सगळी बंधनं या मुलांच्या डोक्यावरून जातात, कारण यंत्रणेला तिथे मूल दिसतच नाही.

आणि या सोयी खरंच आल्या आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनने मुलांच्या दृष्टीने वेबसाइटी आणि अ‍ॅप कशी असावीत याची एक संहिता केली. पंधरा मानकं. सप्टेंबर २०२० मध्ये ती अमलात आली आणि कंपन्यांना जुळवून घ्यायला एक वर्ष मिळालं. ते वर्ष संपायच्या सुमारास, २०२१ च्या उन्हाळ्यात, काय काय झालं बघा. इन्स्टाग्रामने सोळा वर्षांखालच्यांची नवी खाती आपोआप खासगी करायला सुरुवात केली. यूट्यूबने अठराखालच्यांसाठी एकामागून एक आपोआप लागणारे व्हिडिओ मुळातच बंद ठेवले. टिकटॉकने तेरा ते पंधरा वयाच्यांना रात्री नऊनंतर नोटिफिकेशन पाठवणं थांबवायचं ठरवलं. श्रेय कुणालाही द्या, तारखा बोलक्या आहेत. वर्षानुवर्षं आपण मुलांना "रात्री फोन बघू नकोस" म्हणून ओरडत होतो आणि रात्री फोन वाजवणारा माणूस ते एका सेटिंगने बंद करू शकत होता. ओरडायला आपल्याला मूल सापडलं, कारण ते घरात होतं.

पण माझ्या भाचीला यातलं काही मिळालं नाही. ती बावीस वर्षांची होती ना.

ती बारा वर्षांची असताना एकदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, माझ्या एका मैत्रिणीचं ना, असं झालंय." मैत्रिणीला चित्रांच्या अ‍ॅपवर कुणीतरी रोज मेसेज करायचं. आधी चित्रांचं कौतुक. मग तू कुठल्या वेळी एकटी असतेस. मग हे अ‍ॅप सोड, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू. मग एक फोटो पाठव, नुसता चेहऱ्याचा. मैत्रिणीने फोटो पाठवला नव्हता, पण आता तो माणूस चिडून बोलत होता. सांगताना ती सोफ्याच्या उशीची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. मी विचारलं, "मैत्रिणीने हे किती दिवस कुणाला सांगितलं नाही?" म्हणाली, "पाच आठवडे." पाच आठवड्यांचा इतका नेमका हिशेब मैत्रिणीचा कुणी ठेवत नाही.

मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "मैत्रिणीने घरी का नाही सांगितलं?" तिने दोन कारणं दिली. पहिलं, आई फोन काढून घेईल. दुसरं सांगायला तिला जरा वेळ लागला. "आणि ते खातंच खोटं आहे ना आपलं."

'आपलं' हा शब्द तिच्या तोंडून निसटला होता. तो मला आजही ऐकू येतो.

या दोन कारणांवरच एक अख्खा धंदा उभा आहे. मुलांशी आधी गोड बोलायचं, एखादा खासगी फोटो मिळवायचा आणि मग तो सगळ्यांना पाठवीन म्हणून पैसे मागायचे, या प्रकाराबद्दल अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय गेली काही वर्षं सतत इशारे देते आहे. पैशांसाठीच्या या ब्लॅकमेलमध्ये सापडणारे बहुतेक चौदा ते सतरा वयाचे मुलगे असतात, असं ती सांगते. हे वाचून मी चमकलो. काळजी करताना आपल्या डोळ्यांपुढे मुलगीच येते आणि मुलगा खोलीचं दार लावून बसला की आपण म्हणतो, असेल गेम खेळत. त्या धमकीतलं एक वाक्य ठरलेलं असतं : तुझ्या आईबापांना सांगेन. जरा विचार करा. आपलं नाव हे तिथे हत्यार आहे. आपल्याला कळणं हीच मुलासाठी सगळ्यांत मोठी शिक्षा असेल, यावर समोरचा माणूस पैसा लावून बसलेला असतो. आणि "पुन्हा असं केलंस तर फोन काढून घेईन" हे आपण आठवड्यातून चारदा म्हणतो, तेव्हा त्याचं काम आपणच हलकं करतो.

इथे कुणी म्हणेल, मग काय, फोन काढून घ्यायचाच नाही? घ्या की. जेवताना घ्या, रात्री घ्या, अभ्यासाच्या वेळी घ्या. पण मूल काहीतरी सांगायला आलंय त्या दिवशी घेऊ नका. सांगितल्याची शिक्षा आणि वापरल्याचं बंधन या दोन गोष्टी आपल्या घरांत इतक्या गुंतल्या आहेत की मुलाला त्या वेगळ्या दिसत नाहीत.

त्या चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना एक गोष्ट माहीत असायला हवी आणि बहुतेकांना ती माहीत नसते. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा २०२२ च्या शेवटी सुरू झाली. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते. अठरा वर्षांचे होण्यापूर्वीचा आपला खासगी फोटो कुठे पसरेल अशी भीती असेल, तर तो फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त ठसा संस्थेकडे जातो. सहभागी कंपन्या आपल्याकडे त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. नावही द्यावं लागत नाही. लाजेने गप्प बसलेल्या मुलाचा विचार करून कुणीतरी हे बनवलंय, ते प्रत्येक पायरीवर दिसतं. अशी रचना करता येते, एवढं यावरून सिद्ध होतं. बाकीच्यांनी ती का केली नाही, हा पुढचा प्रश्न.

सरकारं काय करताहेत? त्यांना बंदी आवडते. बंदी समजायला सोपी असते आणि जाहीर करायला त्याहून सोपी. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले. मुलांनी आईबापांच्या ओळख क्रमांकावर खाती उघडली. पुढे खेळ संगणकावरून मोबाइलवर गेले, कायदा संगणकापाशीच बसून राहिला आणि दहा वर्षांनी सरकारने तो गुंडाळला. चीनने २०२१ साली आणखी करकचून बांधलं : अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, बस. तिथेही घरातल्या मोठ्यांची ओळखपत्रं कामाला आली. भारताच्या २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने वयाची रेघ अठरावर ओढली. त्यातलं मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारं कलम मला मनापासून पटतं. पण पालकांच्या संमतीचं काय होणार, ते मी माझ्या अंगठ्यावरून सांगू शकतो.

ऑस्ट्रेलियाचा प्रयोग मात्र वेगळा आहे आणि त्याची टर उडवायला मी तयार नाही. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. कंपनीने पुरेसे प्रयत्न केले नाहीत तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातली सगळ्यांत चांगली गोष्ट अशी की मुलाला किंवा पालकांना शिक्षा नाही. ओझं योग्य खांद्यावर ठेवलं आहे. माझी अडचण दुसरी आहे. खातं काढलं म्हणजे मूल निघून जात नाही. खातं नसताना यूट्यूबवर व्हिडिओ बघता येतातच, फक्त खात्यामुळे जी काही बंधनं लागू व्हायची ती तेव्हा नसतात. आणि मुळात सोळाव्या वाढदिवसाच्या सकाळी तेच फीड, तेच अनोळखी मेसेज, तीच न संपणारी पानं त्याच रूपात मुलापुढे येणार असतील, तर आपण फक्त तारीख पुढे ढकलली. रस्ता दुरुस्त झाला नाही, मूल थोडं मोठं होऊन त्यावर आलं एवढंच.

वय नीट तपासायचं म्हटलं तर त्याची किंमतही सगळ्यांना मोजावी लागते. मूल कोण हे ओळखण्यासाठी प्रौढांनाही आपण प्रौढ असल्याचा पुरावा द्यावा लागतो, दुसरा मार्ग नाही. मग चेहरा दाखवा, नाहीतर ओळखपत्राचा फोटो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने कळवलं की त्यांचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. हे फोटो प्रामुख्याने वयाबद्दलच्या तक्रारी सोडवण्यासाठी घेतलेले होते. मुलांची माहिती जपण्यासाठी ओळखपत्रांचं गोदाम उभारायचं आणि मग त्या गोदामाला राखणदार शोधत फिरायचं!

मला जो उपाय पटतो तो त्या ब्रिटिश संहितेतच लिहिलेला आहे, फारसा कुणाच्या लक्षात न आलेला. वयाबद्दलच्या मानकात ती कंपनीपुढे दोन वाटा ठेवते. धोक्याच्या मानाने पुरेशा खात्रीने वय ठरवा, नाहीतर मुलांसाठीची मानकं सरसकट सगळ्यांना लावा. ही दुसरी वाट मला पहिलीपेक्षा कितीतरी सरळ वाटते. खातं उघडल्याबरोबर ते खासगी असावं. अनोळखी माणसाचा मेसेज मुळात बंद असावा. ठावठिकाणा बंद. पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं बंद. रात्रीची घंटा बंद. ज्या प्रौढाला हे उघडायचंय त्याने सेटिंगमध्ये जाऊन उघडावं. त्याची पाच मिनिटं जातील. आज उलट आहे : सगळी दारं सताड उघडी आणि कुलपं कुठे आहेत ते शोधायचं काम बारा वर्षांच्या मुलाकडे, नाहीतर त्याच्या आईकडे, जिला ते सेटिंग दर दोन महिन्यांनी नव्या जागी सापडतं.

'मुळात काय चालू असतं' या प्रश्नाला किती वजन आहे, ते आयर्लंडच्या विदा संरक्षण आयोगाच्या दोन निर्णयांतून दिसतं. टिकटॉकला २०२३ साली ३४.५ कोटी युरोंचा दंड झाला, त्यातला एक मुद्दा मुलांची खाती मुळातच सार्वजनिक असण्याचा होता. त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टाग्रामला ४०.५ कोटी युरो. ते प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथे तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना 'बिझनेस' खातं उघडता येत होतं. मुलांना कसला आलाय बिझनेस? पण त्या खात्यात आपली पोस्ट किती जणांपर्यंत गेली याचे तपशीलवार आकडे दिसायचे आणि आकडा बघायची हौस कुणाला नसते. त्या हौसेपायी मुलांचे फोन नंबर आणि ईमेल पत्ते सगळ्या जगाला दिसत राहिले. मुलाने आकड्यावर बोट ठेवलं आणि बदल्यात घरचा फोन नंबर दिला, हे त्याला कुणी सांगितलंही नाही. आता याला मुलाचा निष्काळजीपणा म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना काय सांगावं ते मला सुचत नाही.

सगळ्यांना सरसकट लावण्यावर आक्षेप येईल, तोही मला दिसतो. प्रौढांना मुलांसारखं का वागवायचं? त्यावर माझं म्हणणं इतकंच, की यादी पुन्हा वाचा. त्यातली कुठली गोष्ट तुम्हाला नकोय? रात्री अकराला फोन वाजावा अशी कुणाची मागणी होती? दारं उघडी असण्यात फायदा आहे तो जाहिरातीतून कमावणाऱ्याचा. वापरणाऱ्याला, चाळिशीतल्या मलासुद्धा, त्याचा त्रासच जास्त.

आणि मुलांना सरळ बाहेरच ठेवा म्हणणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा पहिला प्रस्ताव लिहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. माहिती मिळवण्याचा, मत मांडण्याचा, खेळण्याचा आणि खासगीपणाचा हक्क त्यात मुलांना दिला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या, पण त्यांची गाठ पडायला बराच काळ गेला. हे हक्क डिजिटल जगातही लागू होतात, असं त्या कराराच्या समितीने सविस्तर लिहिलं ते २०२१ साली. दरम्यान मुलं तिथे पोचलीही होती. जगात इंटरनेट वापरणाऱ्या दर तिघांत एक मूल आहे, असं युनिसेफने २०१७ सालीच सांगितलं होतं. वस्तीतला तिसरा माणूस मूल असेल, तर ती मोठ्यांची वस्ती आणि मुलं तिथे घुसखोर, ही कल्पनाच लटकी आहे. २०२० च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या आणि जगभर मुलांना तिथे आपणच हाताला धरून नेऊन बसवलं. तेव्हा कुणी चाकाकडे पाहिलं नाही. शाळेचा वर्ग ज्या चॅटवर भरत होता त्याच्या नियमांत मुलांचं वय बसतं का, हे कुठल्या पालकाने विचारलं? मी तरी नाही.

त्या अ‍ॅपवर भाचीला काय मिळालं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिला हात काढता येत नव्हते, सगळ्या माणसांचे हात ती पाठीमागे लपवायची. तिथल्या कुणीतरी, ती व्यक्ती बहुधा खरोखरच बावीस वर्षांची असावी, तिला मुठीचं आधी खोकं काढायला शिकवलं. आता तिच्या चित्रांतली माणसं हात पुढे करून उभी असतात. ते खातं नसतं तर हे झालं नसतं आणि तो दुसरा माणूसही आला नसता. दोघं एकाच दारातून आले. दार अर्धं लोटलेलं असतं तर शिकवणारी व्यक्ती चित्राखाली सगळ्यांसमोर लिहून शिकवू शकली असती, कारण तिने तसंच शिकवलं होतं. एकटं गाठायची गरज फक्त दुसऱ्याला होती.

ती मैत्रिणीची गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही तिघं बसलो. ताईला मी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की फोनचं नाव काढायचं नाही. तिला ते जड गेलं, पण तिने काढलं नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, त्या माणसाची तक्रार नोंदवली, मग त्याला ब्लॉक केलं. क्रम हाच ठेवला, कारण ब्लॉक आधी केलं असतं तर पुरावा हाती लागला नसता, असं वाटलं. अ‍ॅपकडून उत्तर आलं की आम्ही तुमची तक्रार पाहिली आहे. पुढे काही कळलं नाही. तक्रारीच्या फॉर्ममध्ये 'तक्रारदार अल्पवयीन आहे का' असा एक रकाना होता. त्यावर टिक करावी की नाही, यावर आमची पंधरा मिनिटं गेली. टिक केली तर तक्रारीला वजन येईल, पण खातं जाईल आणि दोन वर्षांची चित्रं त्याच्याबरोबर. भाची काही बोलत नव्हती, फक्त आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी टिक केली नाही.

आता ती चौदा वर्षांची आहे. नियमाने खातं ठेवायला पात्र. मागच्या महिन्यात तीच म्हणाली, "मामा, आता खरं साल टाकूया." सेटिंगमध्ये गेलो. साल बदलता येतं, पण त्यासाठी सरकारी ओळखपत्राचा फोटो द्यावा लागतो आणि आधी दिलेली माहिती चुकीची आढळल्यास खातं कायमचं बंद होऊ शकतं, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलंय. तिने ते दोनदा वाचलं. मग मागे गेली, सगळी चित्रं एकेक करून फोनमध्ये उतरवून घ्यायला लागली. दोनशेच्या वर आहेत. निम्मी झाली आहेत.